माझे केस कशानं गेले

मी खार बोलतेय. झाडावरची नाही, खिशातली. झरी गावच्या सूर्यभान गुरुजींच्या नेहरू शर्टाला उजव्या बाजूला खोल खिसा आहे, तोच माझा पत्ता. माझं नाव ठकी. वय पाच वर्षं, म्हणजे खारीच्या मानानं मी चांगलीच म्हातारी. तेव्हा मधे बोलू नका, सांगते ते ऐका.

माझा जन्म शाळेच्या पत्र्याखाली झाला. हंगामात कापसाच्या गाड्या शाळेवरून जातात आणि वाटेतल्या बाभळींना कापूस अडकून राहतो. तो वेचून माझ्या आईनं घरटं केलं होतं. सव्वीस जानेवारीच्या साफसफाईत झाडूच्या एका फटक्यानं ते खाली आलं. माझी भावंडं तिथंच गेली. माझे तर अजून डोळेही उघडले नव्हते. गुरुजींनी मला तळहातावर घेतलं, फुंकर मारून धूळ झटकली आणि ऊब मिळावी म्हणून खिशात ठेवलं. त्या दिवसापासून मी तिथंच आहे.

घरी गुरुजींची बायको सरजाबाई. एकुलती लेक कुसुम लग्न होऊन जिंतूरला गेलेली, त्यामुळं घरात ही दोघंच. गुरुजी कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून मला पाजायला बसले, तेव्हा सरजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लेक दिली, आन तिच्या जागी उंदीर आणला व्हय?"

उंदीर! मला! हा अपमान मी अजून विसरले नाही.

पण खिसा फार चांगला होता. आत तंबाखूची पुडी असायची, चुन्याची डबी असायची आणि खडूचे तुकडे. गुरुजी सोळाव्या वर्षापासून तंबाखू खायचे. तासातासाला हात खिशात यायचा, पुडी घ्यायचा, डबी घ्यायचा आणि जाता जाता माझं डोकं कुरवाळून जायचा. फळ्याकडं तोंड करून ते बेरीज शिकवायचे आणि मी आत झोपायचे. पावकीचे पाढे मला अजून येतात, वर्गातल्या निम्म्या पोरांना येत नव्हते.

मी दोन वर्षांची झाले त्या हिवाळ्यात माझे केस गळायला लागले. आधी उजव्या कुशीवर चिंचोक्याएवढा डाग दिसला. मग तो वाढत पोटाकडं गेला. खाज तर अशी की जीव नको व्हायचा. मी चाटायचे, तर जिभेलाही झोंबायचं.

माणसांची एक गंमत सांगते. कुणाला काही झालं की कारण प्रत्येकाजवळ तयार असतं. सरजाबाईंनी लांबूनच पाहून सांगितलं, "खरूज हाय ही. शिवू नका." शेजारच्या धुरपताबाई म्हणाल्या, नजर लागली. त्यांनी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मला एवढा ठसका लागला की उरलेले केसही जातात की काय असं वाटलं. गुरुजींना उवांचा संशय. त्यांनी कडुलिंबाचा पाला उकळून मला त्या पाण्यात बुचकळलं. मी त्यांचं बोट चावले. माझी चूक नव्हती, पाणी कढत होतं.

कशानंच गुण येईना, तेव्हा गुरुजींनी रजा काढली आणि मला परभणीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्याच दिवशी तिथं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता. सकाळी मोर्चा आणि दुपारी दवाखाना अशी एका रजेत दोन कामं ठरली. घोषणेला गुरुजींचा हात वर गेला की शर्ट वर ओढला जायचा आणि मी खिशात आडवी व्हायचे. 'नामांतर झालंच पाहिजे' एवढं वाक्य मला त्या दिवसापासून तोंडपाठ आहे.

डॉक्टर भला माणूस होता. म्हशी, बैल, शेळ्या तपासणाऱ्या त्या हातांनी त्यांनी मला अगदी हळू उलटंपालटं केलं.

"खायला काय देता?"

"दूध-बिस्किट, साहेब. कधी शेंगदाणे."

"तिथंच चुकतं. फळं द्या, पाला द्या, शेंगा द्या. ऊन दाखवा. कधीकधी असंही होतं गुरुजी, की एकटं जनावर कंटाळतं आणि स्वतःचेच केस उपटतं. हिला ठेवता कुठं?"

"माझ्याजवळच असते."

"छान. जास्तीत जास्त जवळ ठेवा."

जवळ म्हणजे कुठं, हे त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. मला बोलता येत असतं तरी उपयोग नव्हता, कारण खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं.

परतीच्या एसटीत गुरुजी खिशाकडं वाकले. "एकटी पडलीस व्हय गं ठके?" असं म्हणत त्यांनी खिशावर हात ठेवला तो झरीपर्यंत काढला नाही. तोवर मी दुपारी तरी घरात आढ्यावरून धावायचे. आता तेही बंद झालं. शाळेत, बाजारात, जेवताना, मी सतत खिशातच. पेरू मिळाला, तुरीच्या शेंगा मिळाल्या, माया तर इतकी मिळाली की काय सांगू! आणि पंधरा दिवसांत माझी उजवी बाजू पार उघडी पडली. कातडी लाल झाली.

अशात कुसुमचं पत्र आलं. सातवा महिना लागला होता आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. रविवारच्या एसटीनं.

सरजाबाईंनी पत्र घडी घालून ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळं मला जास्त भीती वाटली.

"अवो, ऐका. पोटुशी लेक यायलीय. घरात तान्हं लेकरू येणार. ह्ये रोगट जनावर मला घरात नको. रविवारच्या आत तिला दारच्या लिंबावर सोडून या."

"अगं, तिला झाडावर जगता येत न्हाई. मांजर खाईल तिला."

"मग माझ्या नातवाला खरूज झालेली चालंल का तुमाला?"

सरजाबाईंचं काही चुकत नव्हतं, हेच तर अवघड होतं. लिंबावरच्या खारी मला ओळखत नव्हत्या. एकदा मी अंगणातून थोडी वर चढले होते, तर त्यांनी मला चावून हाकललं होतं. रविवारनंतर मी जगणार नव्हते, आणि हे गुरुजींनाही कळत होतं.

शनिवारी सकाळची शाळा. गुरुजी दुपारी घरी आले, शर्ट बदलला आणि टोपलीत चिंधी अंथरायला लागले. मला तिच्यातून लिंबाखाली न्यायचं होतं. चिंधी तीनदा अंथरली, तीनदा काढली.

तिकडं सरजाबाई हातपंपावर धुणं धूत होत्या. गुरुजींचा दुसरा शर्ट त्यांनी घासायला घेतला, तर उजव्या खिशाच्या तळात बोट आरपार गेलं. कापड कडक, पांढरं, हात लावला की विरणारं.

"दिवाळीपासून तीनदा शिवला म्या ह्यो खिसा," त्या धुरपताबाईंना म्हणाल्या. "काय खातंय ह्याला कळंना."

धुरपताबाईंच्या माहेरी कातडी कमावायचा धंदा होता. त्यांनी खिसा नाकाला लावला. "ह्यो तं चुना हाय, सरजाबाई. झिरपलाय. आमच्याकडं कातडं चुन्यात घालायचे. चार दिसात केस नुसत्या हातानं सुटायचे बगा."

सरजाबाई धुणं तिथंच टाकून घरी आल्या. ओला शर्ट त्यांनी गुरुजींच्या पुढ्यात आपटला. मग त्यांच्या अंगातल्या शर्टाच्या खिशात हात घालून आधी मला काढलं आणि मग डबी. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हातात घेतलं होतं. गुरुजींची जुनी पितळी डबी दिवाळीत एसटीत हरवली होती. ही नवी पत्र्याची, झाकण सैल. कडेनं ओला चुना बाहेर आलेला, आणि माझी उजवी कूस रोज त्यालाच टेकलेली.

गुरुजींनी डबीकडं पाहिलं, मग माझ्या कुशीकडं पाहिलं.

"म्हणजे म्याच गं. म्याच हिला जाळलं." मग म्हणाले, "सोडूनच येतो. माझ्याजवळ राहण्यात तिचं भलं न्हाई."

"आता कुठं सोडता?" सरजाबाई कडाडल्या. "अंगावर केस न्हाईत, थंडीनं मरंल ती! रोग हाय म्हणून सोडा म्हणलं होतं म्या. रोग हिला न्हाई. रोग तुमच्या खिशात हाय."

"डबी डाव्या खिशात ठेवतो मग."

"आन त्याच बोटानं येणाऱ्या लेकराचं तोंड कुरवाळणार व्हय?"

गुरुजींनी डबी हातात घेतली, सैल झाकण एकदा दाबून पाहिलं. मग उठले आणि डबी, पुडी, सगळं उकिरड्यावर टाकून आले. रविवारी कुसुम आली तेव्हा टोपली चुलीजवळ होती, आणि सरजाबाई माझ्या कुशीला खोबरेल लावत होत्या.

पुढचा महिना घरानं कसा काढला ते विचारू नका. गुरुजींचं डोकं दुखायचं, भाजीत मीठ कमी वाटायचं, शाळेत पोरं चळाचळा कापायची. दोनदा ते पानटपरीपर्यंत जाऊन परत आले. मी खिशात होते, मला माहीत आहे. माझे केस मात्र दीड महिन्यात परत आले, आणि उन्हाळ्यात कुसुमला मुलगी झाली.

त्याला तीन वर्षं झाली. आता माझे केस पुन्हा विरळ व्हायला लागलेत. या वेळी मीठमिरच्या ओवाळू नका, डॉक्टरला विचारू नका. हे म्हातारपण आहे. तुमच्या घरी कुणी मुकं जनावर असेल आणि त्याचे केस गळत असतील, तर त्याचं खाणं बघा, उवा बघा, सगळं बघा. पण ते झोपतं कुठं आणि तुम्ही त्याच्याजवळ काय ठेवता, ते आधी बघा.

गुरुजींचा हात अजूनही तासातासाला खिशात येतो. तंबाखू शोधत येतो, त्याला मी सापडते. मग तो थोडा वेळ माझ्या पाठीवर राहतो आणि तसाच बाहेर जातो.

सरजाबाई, एक सांगायचं राहिलंय. येत्या हिवाळ्यापर्यंत मी काही जगत नाही. एक दिवस तो हात येईल आणि खिशात कुणीच नसेल. त्या दिवशी तेवढं त्यांना एकट्यानं टपरीकडं जाऊ देऊ नका.