टिनावरचा देव

मित्रांनो, मी जुना धोंडा आहे. किती जुना ते विचारू नका, तुमची मोजणी तिथपर्यंत पोचत नाही. तुम्ही नऊ महिन्यांत तयार होता आणि विसाव्या वर्षी शहाणपण सांगू लागता. मी आधी लाव्हा होतो, मग थंड झालो, मग काही कोटी वर्षे गप्प बसलो. एवढा काळ गप्प बसून जे कळते ते मी आज सांगणार आहे. तुमच्यात कुणाला अक्कल नसली की तुम्ही त्याला दगड म्हणता. मी सात वर्षे माणसांच्या डोक्यावर बसून काढली आहेत. आमच्यात कुणाला अक्कल नसली तर आम्ही त्याला काय म्हणतो, ते मी सांगत नाही. उगाच राग येईल.

माझे चांगले दिवस अमडापूरच्या अलीकडच्या ओढ्यात गेले. पाण्याने मला घासून सपाट केले. मग बाया आल्या आणि माझ्यावर कपडे धुऊ लागल्या. ते काम मला आवडायचे. धोतर आपटले की आवाज यायचा, मळ निघायचा, काम झालेले दिसायचे. बाया सासरच्या गोष्टी सांगायच्या, हसायच्या, कधी रडायच्या. माझ्या जागेसाठी त्यांची भांडणेही व्हायची. पुढे गावात नळ आले, बाया यायच्या थांबल्या आणि मी शेवाळ धरत पडून राहिलो.

अशात एक दिवस उकंडराव बैलगाडी घेऊन आला. भाजीपाला पिकवणारा माणूस, वांगी-कोथिंबीर छान काढतो, त्यात मी खोट काढणार नाही. बाकी सगळ्यात काढणार आहे. त्याने मला पायाने उलटे केले, सुलटे केले आणि म्हणाला, "हा टिनावर मस्त बसन." माझे मत कुणी विचारले नाही.

त्याचे घर तीन खोल्यांचे. विटांच्या भिंती, त्यावर आडवे लोखंडी पाइप, पाइपांवर टिनाचे पत्रे. पाइप भिंतीवर नुसते टेकवलेले आणि पत्रे पाइपांना कुठे तारेने बांधलेले, तर कुठे तेही नाही. मग हे सगळे वाऱ्यात राहायचे कसे? तर वर धोंडे ठेवून. अकरा धोंडे, एक फुटका पाटा आणि ट्रॅक्टरचे जुने टायर. मी त्यातला सर्वांत मोठा, म्हणून मला मधल्या खोलीच्या बरोबर मध्यावर बसवले. माझ्या शेजारी पत्र्याला खिळ्याचे एक भोक होते, त्यातून मला खालचे सगळे दिसायचे.

आता ऐका. वारा पत्र्याला वरून दाबत नाही. तो खालून शिरतो आणि तव्यावरची भाकरी उचलावी तसा पत्रा उचलतो. भाकरीवर मिठाचा खडा ठेवला म्हणून ती उचलायची राहते का? हे चुलीपुढची लहान पोरगीही सांगेल. पण उकंडरावाच्या बापाने धोंडे ठेवले होते, आजाने ठेवले होते. त्या दोघांचीही टिने उडाली होती, तो विषय मात्र घरात कुणी काढत नसे.

मला वर बसवल्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मोठे वादळी वावधान आले. गावातली निम्मी टिने उडून कुणाच्या वावरात, कुणाच्या विहिरीत जाऊन पडली. आमचे टिन हलले नाही. का हलले नाही? घराच्या मावळतीला एक जुना निंब होता. सगळा वारा त्याने अंगावर घेतला. त्याच्या दोन फांद्या मोडल्या, सगळा पाला झडला, बिचारा आठवडाभर उघडाबोडका उभा होता. उकंडराव शिडी लावून वर चढला, मला जागच्या जागी पाहिले आणि हात जोडले. निंबाकडे त्याची पाठ होती.

दुसऱ्या दिवशी मला शेंदूर लागला. नारळ फुटला. आखजीच्या सणाला नवा शेंदूर, दिवाळीला पणती. शेजारचा महादेवराव, किराणा दुकानवाला, तोही शिडी चढून पाया पडून गेला. मित्रांनो, ज्याने काही केले नाही त्याची पूजा आणि ज्याने केले त्याला साधे पाणी नाही, ही रीत मी पहिल्यांदा जवळून पाहिली. मला लाज वाटली, पण शेंदराखाली ती कुणाला दिसणार?

पुढे तर कहर झाला. निंबावर कावळे बसत, आणि कावळे जिथे बसतात तिथून खाली काय पडते ते तुम्हाला ठाऊक आहे. ते माझ्या डोक्यावर पडे. देव विटाळतो म्हणून उकंडरावाने निंबच तोडून टाकला. ज्याने घर राखले त्याला, ज्याने राखले नाही त्याच्यासाठी. त्या दिवसापासून मला या माणसाकडे पाहवत नसे, पण भोक नेमके त्याच्या घरात उघडत होते.

यंदा होळीनंतर त्याची लेक छाया पहिल्या बाळंतपणाला सुलतानपूरहून माहेरी आली. मुलगी झाली. उकंडराव नात पाहून लहान पोरासारखा नाचला आणि मग त्याने त्याच्या शहाणपणाला शोभेल असेच केले. बाळंतिणीची बाज त्याने उचलून मधल्या खोलीत आणली आणि बरोबर माझ्याखाली टाकली. का, तर देवाची सावली पडावी!

मी भोकातून खाली पाहिले. इवलेसे तोंड, मुठी मिटलेल्या, झोपेत ओठ हलत होते. मी मणभर वजनाचा. मध्ये एक गंजका पत्रा. मित्रांनो, मी घाबरलो. तोवर मला माणसांचा राग यायचा, कीव यायची, पण भीती अशी कधी वाटली नव्हती. मावळतीला आता निंब नव्हता आणि उन्हाळा चढत होता.

एवढ्यात संघपाल आला. तो गावात वेल्डिंगची कामे करतो. फाटकाची कडी बसवायला आला होता, चहा प्यायला मधल्या खोलीच्या दारात टेकला आणि त्याची नजर वर गेली. मग बाजेवर आली, मग पुन्हा वर गेली. चहा त्याने तसाच खाली ठेवला.

"काका," तो म्हणाला, "धोंड्यानं टिन नाही राहत. टिन उठलं का हा धोंडा कुठी पडन, ते पाहा तुमी. खाली लेकरू हाय."

उकंडरावाला ते झोंबले. "धोंडा कोणाले म्हणतं बे?" तो म्हणाला. "तुह्या जन्माच्या आधीपासून आम्ही टिनात राह्यतो." आणि त्याने त्याला वाटेला लावले. ज्याला हुकाचे आणि बोल्टाचे कळते त्याने गप्प बसायचे, आणि ज्याला फक्त शेंदराचे कळते त्याने घर चालवायचे. वा रे शहाणे.

पण दाराआड उकंडरावाची बायको अंबूबाई उभी होती. तिने सगळे ऐकले. तिने बाज हलवून पाहिली, तर नवऱ्याने संध्याकाळी परत माझ्याखाली सरकवली. दोनदा असे झाले. तिसऱ्यांदा तिने बाजेला हात लावला नाही. उकंडराव दोन दिवसांसाठी दुसरबीडला लग्नाला गेला आणि अर्ध्या तासात संघपाल शिडी, ड्रिल आणि हुकांची पिशवी घेऊन दारात हजर.

अख्खे घर दोन दिवसांत होणारे नव्हते. अंबूबाई म्हणाली, एक खोली तरी अशी कर की वावधान आले तर आम्हाला तिच्यात शिरता यावे. संघपालने मधल्या खोलीचे पाइप भिंतीत खोल घेऊन सिमेंटमध्ये पक्के केले. गंजके पत्रे बदलले. प्रत्येक पत्रा वाकड्या हुकाने पाइपाला धरला, वर रबरी वायसर, वर नट, आणि नट घट्ट आवळला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरावर काहीतरी अक्कल लावून केलेले पाहिले. त्याआधी मला दोराने बांधून खाली उतरवले. देव उतरवायला संघपालचा हात जरा कचरत होता. अंबूबाईने पदर खोचला आणि म्हणाली, "देव असन त खाली बी देवच राहीन. ओढ."

उकंडराव परतला तेव्हा मी तुळशीजवळ बसलो होतो. मला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. त्या रात्री तो जेवला नाही. देवाला खाली आणले, आता घराचे वाटोळे होणार, असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. अंबूबाई ऐकत राहिली आणि भाकरी थापत राहिली.

रोहिण्या लागल्या. चौथ्या दिवशी दुपारी चारला आभाळ काळे झाले, धूळ उठली आणि वावधान सुटले. अंबूबाईने छायाला आणि लेकराला मधल्या खोलीत घेतले आणि नवऱ्याला हाका मारल्या. नवरा कुठे होता? अंगणात. मला खांद्यावर घेऊन शिडी चढत होता. देव जागेवर बसला की वारा थांबेल म्हणे. पंचावन्न वर्षांचा बाप्या, नातीचा आजा, वावधानात शिडीवर, खांद्यावर धोंडा!

सहाव्या पायरीवर असताना शेवटच्या खोलीचे टिन उठले. मग पहिल्या खोलीचे. आवाज असा झाला की तो दचकला, शिडी सरकली, तो खाली आला आणि त्याच्यामागून मी. त्याच्या उजव्या पायावर. यासाठी तुमच्या भाषेत म्हण तयारच आहे, मला वेगळे सांगायला नको. बाकीचे धोंडेही घरंगळत आले. दोन धोंडे टिनाबरोबर आत कोसळले आणि उकंडरावाच्या खाटेची पाटी मोडून खाली रुतले. तो रोज तिथेच दुपारची झोप घ्यायचा.

अंबूबाईने त्याला बगलेत धरून मधल्या खोलीत ओढून नेले. मी अंगणात पडून पाहत होतो. दोन्ही बाजूंची टिने गेलेली, मधली खोली एकटी उभी. पत्रे थरथरत होते, पण हुकांनी सोडले नाही. मी मनात नट मोजत होतो. वारा थांबल्यावर आतून लेकराच्या रडण्याचा आवाज आला, आणि मित्रांनो, मला तो फार गोड वाटला.

उकंडरावाच्या पायाला प्लास्टर बसले. आठ-दहा दिवस तो ओट्यावर बसून वर हुकांकडे पाहत राहिला. मग महादेवराव आला. त्याच्याही दुकानाचे टिन गेले होते. तो हात जोडून म्हणाला, तुमची मधली खोली राहिली ती देवाच्याच कृपेने, तेव्हा देव आमच्या टिनावर द्या. त्याने बरोबर हातगाडीही आणली होती.

मी म्हटले, झाले. आता हा हो म्हणणार आणि मी दुसऱ्या कुणाच्या लेकरावर जाऊन बसणार.

उकंडराव माझ्याकडे पाहून म्हणाला, "धोंडा हाय तो, महादेवराव. त्यानं काई नाही राखलं. संघपालले बलावा." आणि मग खाली मान घालून, "मावळतीले निंब असन त तोडू नोका."

सात वर्षांत माझ्याविषयी त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले खरे वाक्य. मी त्याला सगळे माफ केले नाही. पण थोडे केले.

मित्रांनो, तुमच्या टिनावर धोंडे असतील तर आजच उतरवून घ्या आणि ज्याला काम कळते त्याच्याकडून हूक लावून घ्या. सगळे घर जमत नसेल तर एक खोली करा, पण खरी करा. आणि उतरवलेला धोंडा फेकू नका, त्याला काम द्या. मी आता नळाजवळ असतो. छाया सकाळी माझ्यावर लेकराची दुपटी धुते. तिसऱ्या धुण्याला शेंदूर निघाला.