शेरा: ऐकीव

जगदेवीने कुलूप काढले, पर्जन्यमापकाचे नरसाळे उचलले आणि आतली बाटली उन्हाकडे धरली. तळाशी एक मुंगळा मरून पडला होता. तिने बाटली उपडी करून दोनदा झटकली, मुंगळा खाली पडल्याची खात्री केली आणि मगच ती परत आत ठेवली. तिचे वडील, अण्णा, तसेच करत.

साडेआठ झाले होते.

"किती?" कुंपणापलीकडे सोसायटीच्या पायरीवर बसलेल्या गोरोबाकाकांनी विचारले.

"काही नाही, काका."

"असं नसतं सांगायचं. तुझा बाप 'शून्य पूर्णांक शून्य' म्हणायचा. न्हाय ते न्हाय, पण दोनदा न्हाय."

जगदेवी किंचित हसली. एकोणीस वर्षे अण्णा, म्हणजे बब्रुवान, या सोसायटीचे सचिव होते आणि तितकीच वर्षे गोदामामागच्या या मोकळ्या जागेतला पाऊस त्यांनी रोज सकाळी मोजला होता. सोलापूरच्या दवाखान्यात एकवीस दिवस काढून ते गेले, त्याला आज सोळा दिवस झाले. तेव्हापासून रोज साडेआठला जगदेवीच बघत होती. सोळा दिवस, सोळा शून्ये. सोमवारी तिची रजा संपणार होती. ती शिकवायची त्या लातूरच्या शाळेतून दोन पत्रे येऊन गेली होती.

गोरोबाकाका उठून कुंपणापाशी आले.

"रजिस्टर परवा तहसीलला जायचंय."

"मधले एकवीस दिवस कोरे आहेत, काका."

"म्हणून तर आलोय." त्यांनी आवाज खाली आणला. "पोळ्याच्या आधीपासून खंड पडलाय. मूग गेला, उडीद गेला, तूर मान टाकून हुबी हाय. मधी ती एक वादळाची सर आली तेवढीच. रेडिओवाला सांगत हुता, आंध्राकडं छपरं उडाली, माणसं गेली. आपल्याकडं दोन तास धुडगूस घातला, बांध फोडले आन् गेली. सकाळी बोटभर ओल न्हवती. आता ती सर कागदावर चढली तर काय हुईल?"

जगदेवीने नरसाळे परत बसवून कुलूप लावले.

"यंदाची बेरीज तीनशे सत्याऐंशी. चारशेच्या आत ऱ्हायलो तर गाव टंचाईच्या यादीत, मंग पाझर तलावाचं काम सुरू. तहसीलच्या साहेबानं सोताच्या तोंडानं सांगितलंय. मालनबाईच्या घरातल्या तिघी टोपली-फावडी घेऊन बसल्यात. चूल दिसातून एकदा पेटती त्यांची." काकांनी कुंपणाची काटकी मोडली. "आन् ती सर मोजली कुणी? न मोजलेलं पाणी, कुणाच्या बापाचं—"

ते थांबले. टोपी काढून त्यांनी उगीच झटकली.

"तसं न्हवं म्हणायचं मला, पोरी."

"कळलं, काका."

घरात येऊन जगदेवीने रजिस्टर उघडले. शेजारी अण्णांची खिशातली वही ठेवली. तारीख, पाऊस, शेरा. एकोणीस वर्षांत शेऱ्याच्या रकान्यात फार काही नव्हते. कुठे 'गारा', कुठे 'वीज', बाहत्तर सालच्या पानांवर काहीच नाही. एकदा मात्र एका ऑक्टोबरात, 'वादळाचे पाणी'. ते लिहिताना अण्णा म्हणाले होते, तिकडं कुणाचं तरी छप्पर जातं तेव्हा आपली ज्वारी पेरायची ओल होते. असलं पाणी मोजताना हात जड होतो.

वहीत दवाखान्यातले एकवीस दिवस होते. हरेक ओळीत ०.०, आणि हरेक ओळीच्या शेवटी त्यांच्या बारीक अक्षरात एकच शब्द: ऐकीव. स्वतः न मोजलेल्या शून्यालाही त्यांनी तो शब्द लावला होता.

गावातून दूध घेऊन हणमंतप्पा पहाटेच्या गाडीने सोलापूरला येई. आई त्याच्याकडे निरोप देई, पाऊस आहे की नाही. साडेआठला अण्णा डोळे उघडत. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येई, म्हणून जगदेवी खाटेला वळसा घालून उजव्या बाजूला जाई आणि वाकून सांगे.

शेवटच्या दिवशी हणमंतप्पा आला नाही. सोलापुरात लख्ख ऊन पडले होते. त्याची गाडी चुकली असेल, असे तिला वाटले.

"शून्य, अण्णा."

"पूर्णांक?"

"शून्य."

त्यांनी पेन्सिल मागितली. लिहायला बराच वेळ लागला. दुपारी बाराला ते गेले.

त्यांना घेऊन गाडी गावाजवळ आली, तेव्हा जगदेवीला ओढ्याच्या दोन्ही काठांवर गाळ दिसला. बाभळीच्या फांद्यांवर पुरुषभर उंचीला कडबा लटकला होता. पहाटे ओढा दुथडी होता म्हणून गाडीच सुटली नव्हती. खुद्द पावसानेच पावसाचा निरोप अडवला होता. हे तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापकातली बाटली रिकामी सापडली, तेव्हा कुणी ओतून दिली असेल असे समजून तिने तोही विषय मिटवला होता.

"लिवायला बसलीस व्हय?" आई दारात उभी होती. "थांब जरा."

धुरपदाबाई कणगीमागे वाकल्या. त्यांनी एकेक करून चार बाटल्या आणून रजिस्टरशेजारी ठेवल्या. अण्णांच्या खोकल्याच्या औषधाच्या, तांबूस काचेच्या. बुचावर मेण लावलेले. मग एक वाटी ठेवली. तिच्यात ज्वारीचे दाणे होते.

"हे काय, आई?"

"कोरड्या दिसाला एक दाणा टाकला. मला आकडे कुठं येत्यात. त्या दिशी मातुर बाटली काठोकाठ भरली हुती, मग ह्यात ओतून ठेवलं. म्हनलं, आल्यावर मोजतील." त्यांनी पदराने एका बाटलीवरची धूळ पुसली. "बाटल्या उकळून घेतल्यात. औषिधाचा थेंब न्हाय त्यात."

जगदेवीने दाणे मोजले. पुन्हा मोजले. वीस.

मग तिने मिलिमीटरच्या खुणांचा काचेचा पेला घेतला. आईने तांब्या पुढे धरला.

"सांडू नगंस."

पेला एकदा भरला. वीस. तो तांब्यात ओतला. दुसऱ्यांदा वीस. चौथी बाटली निम्मीच होती. जगदेवीने पेला जमिनीवर ठेवला आणि पाण्याच्या रेषेला डोळा लावण्यासाठी ती पालथी झाली, लहानपणी अण्णांशेजारी व्हायची तशी. सहा पूर्णांक दोन.

ती उठून बसली. पेनचे टोपण काढले, लावले, परत काढले. तिचा पगार एक तारखेला होत असे. तिच्या घरातले कुणी टोपली उचलायला जाणार नव्हते. खरे लिहिणे तिला किती स्वस्तात पडणार होते, ते तिला दिसत होते.

तिने अण्णांची वही जवळ ओढली आणि वरपासून उतरवायला सुरुवात केली. शून्य पूर्णांक शून्य, ऐकीव. एकवीस वेळा. शेवटच्या ओळीवर पेन जरा थांबले आणि शाईचा ठिपका उमटला.

आई वाकून बघत होती.

"समद्या वळी सारख्याच दिसत्यात."

"अण्णांनी वहीत तसंच लिहिलंय."

"त्यांना तसं सांगितलं कुणी?"

बाहेर कुणाचा तरी रेडिओ बातम्या देत होता. बंगालच्या उपसागरात पुन्हा कमी दाबाचा पट्टा तयार होत होता. तो येईल किंवा येणार नाही.

"मी," जगदेवी म्हणाली.

धुरपदाबाईंनी तिच्याकडे पाहिले. मग दोन्ही हातांनी तांब्या उचलला.

"आज सर्वपित्री. वरीस झाल्याबिगर त्यांचं पान वाढता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "पर पाण्याला कोण इचारतंय. चल."

गोदामामागे पर्जन्यमापकाशेजारी एक सपाट दगड होता. अण्णा त्यावर बसून आकडा लिहीत. आईने दगडावर पळसाचे पान ठेवले, त्याला खोलगट केले आणि धार धरली. पान भरून पाणी दगडावरून खाली आले. तडकलेल्या जमिनीने ते लगेच ओढून घेतले. तांब्या रिकामा होईपर्यंत आईने हात हलवला नाही.

"सांग आता."

"काय?"

"किती झालं ते. मोजलंस न्हवं?"

जगदेवीने कुंपणाकडे पाहिले. गोरोबाकाका अजून पायरीवरच होते. ती दगडाकडे वळली.

"सेहेचाळीस पूर्णांक दोन, अण्णा."

"मोठ्यानं म्हण," आई म्हणाली. "तू डाव्या अंगाला हुबी हाईस."

जगदेवी दगडाला वळसा घालून उजव्या बाजूला गेली, वाकली आणि मोठ्याने म्हणाली. पायरीवर गोरोबाकाकांनी मान वर केली. क्षणभर ते तसेच राहिले. मग काही ऐकलेच नसल्यासारखे ते चंची सोडून तंबाखू शोधू लागले.