दाराची घंटा आणि माझ्या पोटातली बिऱ्हाडे

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि खरे सांगायचे तर आता मी दमलो आहे. इस्त्रीच्या कपड्यांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, चिंध्यांच्या पिशवीला टेकून मी दिवसरात्र चालू असतो. माझ्या पंख्यात दोऱ्यांचे तुकडे अडकतात, तो घरघरतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते की फ्रिज बिघडला. असो. मित्रांनो, तुम्हाला वेळ असेल तर माझी कहाणी ऐका. मला तर वेळच वेळ आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही सगळी भावंडे दिसायला एकसारखी, काळी आणि चौकोनी. माझ्या वाट्याला रक्त तपासणीची लॅब आली. तिथल्या काउंटरवरच्या बाई दिवसभर माझ्यावर लोकांचे रिपोर्ट टाइप करायच्या. रिपोर्ट हातात पडला की कुणी हुश्श करायचे, कुणी खुर्चीत तसेच बसून राहायचे. "आपला कॉम्प्युटर कधी दगा देत नाही हं," असे बाई डॉक्टरांना सांगायच्या आणि मी फुलून जायचो. पुढे पातळ अंगाचे, चकचकीत नवे कॉम्प्युटर आले. त्याच बाईंनी मला टेबलाखाली सरकवले आणि माझ्यावर पाय ठेवायला सुरुवात केली. मी मनाला लावून घेतले नाही. बाईंची उंची कमी होती, पाय टेकायला त्यांना काहीतरी हवेच होते.

एकदा त्या इमारतीची लिफ्ट अडकली. ती दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक पाणी मागायला लॅबमध्ये आला आणि त्याची नजर माझ्यावर पडली.

"हा टाकून देणार असाल तर मी नेऊ का?" त्याने विचारले.

बाईंनी पाय उचलले. झाले, माझी बदली झाली.

मेकॅनिकच्या घरात माणसे तीन. तो, त्याची बायको आणि त्याचे वडील. बायको घरीच शिवणकाम करायची. मागच्या खोलीत गणवेशांचे ढीग आणि मशिनची धडधड. वडील कुलूपवाले. त्यांचे दुकान कधीच बंद झाले होते, फक्त ते त्यांच्या लक्षात राहत नव्हते.

मेकॅनिकने मला उघडले, फुंकर मारली, जास्तीची मेमरी घातली, एक छोटा पडदा जोडला आणि माझ्या पोटात बिऱ्हाडे वसवली. म्हणजे असे, मित्रांनो, की एक खास सॉफ्टवेअर घातले की एकाच कॉम्प्युटरच्या आत अनेक कॉम्प्युटर नांदतात. ते खरे नसतात, पण प्रत्येकाला वाटते की सगळे घर आपलेच आहे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका बिऱ्हाडात घरातले फोटो, एकात गाणी, एक जाहिराती अडवणारे, आणि एक दाराच्या घंटेचे. मेहनत मात्र सगळ्यांची मिळून माझी एकट्याची.

यातले घंटेचे बिऱ्हाड महत्त्वाचे. वडिलांच्या मनात मध्येच यायचे की दुकान उघडायला उशीर झाला. ते चपला घालून निघायचे आणि मग परतीचा रस्ता त्यांना सापडत नसे. कुलूप लावून उपयोग नव्हता. आयुष्यभर ज्यांनी लोकांची अडकलेली दारे उघडून दिली, त्यांना घरचे कुलूप किती वेळ थोपवणार? शिवाय बाबांना कोंडून ठेवायचे नाही, यावर नवराबायकोचे एकमत होते. म्हणून दाराला एक बोटभर सेन्सर लावला होता. दार उघडले की तो मला कळवायचा आणि मी मागच्या खोलीतला स्पीकर वाजवायचो. मशिनच्या आवाजातही सुनेला ते ऐकू जायचे.

"बाबा, कुठे निघालात?"

"दुकान उघडायचंय."

"मग चहा तरी घेऊन जा."

चहा संपेपर्यंत दुकान विसरलेले असायचे. असे आमचे चौघांचे बरे चालले होते.

पण मेकॅनिकला स्वस्थ बसवेना. रविवार उजाडला की तो कपाट उघडून माझ्यासमोर मांडी ठोकायचा. कुणीतरी त्याला सांगितलेले असायचे की अमुक सॉफ्टवेअर जास्त ताकदीचे, तमुक मोठमोठ्या कंपन्या वापरतात. मग माझ्या पोटातल्या बिऱ्हाडांना सामानसुमानासकट बाहेर काढायचे, जुन्या भिंती पाडायच्या, नव्या घालायच्या. बायको जेवायला हाका मारून थकायची. "आलोच, पाच मिनिटं," म्हणता म्हणता संध्याकाळ व्हायची. बाबा शेजारी येऊन बसायचे, थोडा वेळ बघायचे आणि उठून जायचे. माणूस आठवडाभर दुसऱ्यांची बिघडलेली यंत्रे सांभाळतो, मग सुट्टीच्या दिवशी स्वतःचे चांगले चाललेले यंत्र का खोलून बसतो, हे कोडे मला सुटलेले नाही. त्याची माया होती, हे कळायचे. पण मायेनेसुद्धा जीव मेटाकुटीला येतो.

अशाच एका रविवारी त्याने मला नवे सॉफ्टवेअर चढवले. बिऱ्हाडे पुन्हा वसवली, दार उघडून घंटा वाजवून पाहिली आणि खूश होऊन कपाट लावले. फक्त एक गोष्ट राहिली. नव्या ठिकाणी प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळे सांगावे लागत होते की वीज जाऊन आली तर तू आपले आपण चालू हो. त्याने ते फोटोंना सांगितले, गाण्यांना सांगितले, जाहिरातवाल्याला सांगितले. घंटेला सांगायचे राहून गेले.

दोनचार दिवसांनी दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. मी जागा झालो. फोटो जागे झाले, गाणी जागी झाली. घंटा झोपलेलीच. दाराच्या सेन्सरने मला सांगितले की दार उघडले आहे. पुन्हा सांगितले. ते जिने ऐकायचे ती घंटाच उठलेली नव्हती, आणि तिला हलवून उठवण्याची मला परवानगी नव्हती. मागे मशीन धडधडत राहिले. मित्रांनो, मी पुष्कळ दुखणी काढली आहेत, पण त्या दुपारसारखे दुसरे काही नाही.

सून चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा दार सताड उघडे होते. कपबशी फुटल्याचा आवाज मी ऐकला. मग तिचा फोनवरचा आवाज, "अहो, बाबा घरात नाहीत. घंटा वाजलीच नाही."

संध्याकाळ होता होता औषधाच्या दुकानदाराचा फोन आला. बाबा दोन गल्ल्या सोडून एका परक्या दारापुढे वाकून, तारेचा तुकडा घालून कुलूप उघडत बसले होते. घरवाल्यांना वाटले चोर. गर्दी जमली, कुणीतरी हात पिरगाळला. नशिबाने दुकानदाराने ओळखले.

मनगटाला पट्टी बांधून बाबा घरी आले. खुर्चीत बसून म्हणाले, "कुलूप चांगलं होतं त्यांचं. नुसतं तेल द्यायला हवं."

कुणाला हसू आले नाही. मेकॅनिकने कपाट उघडले, पडद्यावर पाहिले आणि त्याला सगळे कळले.

"रविवारी मी बघितलं होतं गं," तो म्हणाला. "चांगली वाजत होती."

"वीज घालवून बघितलं होतंत?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"लिफ्टमध्ये माणूस असताना वीज गेली, तर काय होतं?" तिने विचारले.

"बॅटरीवर जवळच्या मजल्याला येते आणि दार उघडतं. आम्ही मेन स्विच पाडून तपासतो. त्याशिवाय लिफ्ट ताब्यात देत नाही."

"मग बाबांच्या घंटेला ही तपासणी का नाही?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरे वाटले असते.

"तुमचा हा छंद आहे, मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही दिवसभर कुठल्यातरी इमारतीत लटकलेले असता. घरात मी असते. मला यातलं काही शिकायचं नाही. प्लग काढला आणि लावला की घंटा आपली आपण वाजली पाहिजे. असं जे असेल ते ठेवा."

मग परीक्षा सुरू झाल्या. मेकॅनिकने एकेक सॉफ्टवेअर चढवायचे आणि तिने शिवण बाजूला ठेवून येऊन सरळ माझा प्लग ओढायचा. मला काय वाटते, हे कुणी विचारले नाही. एक सॉफ्टवेअर भारी होते, पण उठल्याउठल्या प्रश्न विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत अडून बसे. त्याला सारखे अपडेटही लागत, आणि प्रत्येक अपडेटमागे काहीतरी नवे रुसे. दुसरे तर दोनचार कॉम्प्युटरांच्या घोळक्यात राहायला शिकलेले. वीज आल्यावर आपले सोबती कुठे आहेत याची वाट बघत बसले. मी एकटाच आहे, हे त्याला कोण सांगणार? तिसरे अगदी साधे होते. मोजकी बटणे, ठळक अक्षरे, अपडेट क्वचित. तिने प्लग काढला, लावला आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. मी जागा झालो, माझ्या पाठोपाठ घंटा जागी झाली. तिने दार उघडले. वाजली.

"परत," ती म्हणाली.

परत वाजली.

"पण यात मला करायला काहीच नाही," मेकॅनिक हिरमुसून म्हणाला.

"हेच ठेवा," ती म्हणाली.

तेच ठेवले. जाहिरातवाल्याला आणि गाण्यांना त्याने निरोप दिला. राहिले फोटो आणि घंटा. कधी काही बदलावे लागलेच, तर प्लग ओढून पाहिल्याशिवाय कपाट लावायचे नाही, असा घरचा नियमच झाला.

पुढचे काही रविवार मेकॅनिक कपाटापाशी नुसता घुटमळायचा. दार उघडायचा, पडद्यावर सगळे ठीक दिसायचे, लावून टाकायचा. मग करायला काही नाही म्हणून बाबांजवळ जाऊन बसू लागला. एका रविवारी दोघे असेच बसले होते.

"तुम्ही काय काम करता?" बाबांनी त्याला विचारले.

तो बाबांकडे वळून बसला. "लिफ्ट दुरुस्त करतो."

"वा. जोखमीचं काम. घरी वडील आहेत?"

"आहेत."

"सांगत जा त्यांना, काय काय दुरुस्त केलं ते," बाबा म्हणाले. "त्यांना आवडेल."

मागच्या खोलीतले मशीन थांबले. मग मेकॅनिक सांगू लागला. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कशी अडकली होती, आत कोण होते, दार कसे उघडले. दार उघडण्याचा भाग बाबांनी दोनदा सांगायला लावला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखा, पण आमच्यासाठी असे काही निवडा की आम्हाला विसरून जाता येईल. माझ्यासमोर मांडी घालून बसू नका. मला तुमचा रविवार नको, मी कुठे जात नाही. ज्यांचे जाणे सुरू झाले आहे, त्यांच्याजवळ बसा.