उजवीकडची गिटार

मावशींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायचं, बसलेला फोम बदलायचा, गाड्यांच्या सीटना रेग्झीन शिवायचं, ही कामं त्या लग्नाआधीपासून करत आल्या होत्या. तितकीच जुनी त्यांची ती कॅसेट. हार्ड रॉकचा एकच अल्बम. मोठ्या भावाने हौसेने आणला होता, पण वहिनीने घरात वाजवू दिला नाही, म्हणून तो बहिणीच्या पदरात पडला.

शब्द त्यांना एक कळत नव्हता. पण ड्रमचा पहिला ठोका पडला की हाताला बळ यायचं. मिस्टर गेले त्या वर्षी त्या कोणाशी धड बोलत नव्हत्या, तेव्हाही कॅसेट मात्र रोज लागायची. टेपरेकॉर्डर सेकंडहँड, त्याचा उजवा स्पीकर पहिल्यापासून मुका. मावशींनी तो कधी दुरुस्त केला नाही. आवाज येतोय ना, झालं तर.

शेवटच्या गाण्यात एक जागा होती. गिटार एक ओळ वाजवायची आणि गप्प बसायची. मागे ड्रम चालूच. मग पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. त्या जागेवर मावशींचा जीव. शिलाई मशीनवरचा पाय थांबवून त्या म्हणायच्या, "बघा कशी दम धरते."

पुढे सून घरून काम करायला लागली. एका कंपनीसाठी फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची.

"आई, आज एकाने विचारलं, तुमच्याकडे भांडण चाललंय का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, सासूबाई गाणी ऐकतायत. त्याने तक्रारच मागे घेतली."

दोघी हसल्या, पण सुनेने त्याच आठवड्यात कानाला लावायचे मोठे हेडफोन आणले आणि मावशींच्या फोनवर तोच अल्बम शोधून दिला. मावशींना ते काही पटलं नाही. पण पोरीची अडचण होते म्हणून त्यांनी हेडफोन चढवले आणि एका आरामखुर्चीचं कापड ताणायला घेतलं.

पहिल्याच गाण्याला त्यांनी मान उजवीकडे वळवली. दारात कोणी आलंय असं वाटलं. कोणी नव्हतं. उजव्या कानात आणखी एक गिटार वाजत होती.

हातोडी खाली ठेवून त्या अर्धवट खुर्चीतच बसल्या. एकेक गाणं येत होतं, ओळखीचं होतं आणि नव्हतंही. आपल्याच घरात भिंतीपलीकडे एक खोली निघावी, आणि तिथे दिवा लागलेला असावा, तसं. मग शेवटचं गाणं आलं. ती जागा आली. डावीकडची गिटार एक ओळ वाजवून थांबली, आणि उजवीकडून दुसरीने उत्तर दिलं. हळू, जरा कापऱ्या आवाजात. पहिलीने पुन्हा विचारलं, दुसरीने पुन्हा सांगितलं. पहिली दम धरत नव्हती. ती ऐकत होती.

मावशींनी भावाला फोन लावला.

"दादा, त्यात दोन गिटार आहेत."

"कशात?"

"आपल्या कॅसेटमध्ये."

"दोन आहेतच की. अगं, तुला आत्ता कळलं?"

"माझा एक स्पीकर बंद होता."

भाऊ म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू अर्धंच ऐकलंस?"

"अर्धंच," मावशी म्हणाल्या. "आणि तेवढ्यावरच मी वेडी झाले होते रे."

आवाज ऐकून सून बाहेर आली. सासूबाईंचे डोळे भरलेले पाहून ती घाबरली. मावशींनी काही न सांगता हेडफोन काढले, तिच्या डोक्यावर चढवले आणि ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं. सून जरा नाइलाजानेच उभी राहिली. थोड्या वेळाने ती हळूच खाली बसली.

"आई, या दोघी बोलतायत."

"बोलू दे," मावशी म्हणाल्या. "मध्ये बोलू नकोस."

संध्याकाळी खुर्चीवाले गृहस्थ आले. खुर्चीला कापड एकाच बाजूने लागलेलं, दुसरी बाजू उघडीच. मावशींनी शांतपणे सांगितलं, "आज नाही झालं. उद्या या." गृहस्थांनी कारण विचारलं नाही आणि मावशींनाही ते सांगता आलं नसतं. त्या पुन्हा पहिल्या गाण्यावर आल्या होत्या.