एरंडाच्या पानाचा शेक

मनकर्णाबाईंनी तव्यावरचं एरंडाचं पान फडक्यात उचललं आणि सुनेच्या डाव्या छातीखाली, टाक्यांच्या व्रणावर दाबून धरलं. व्रण आखडला होता, त्यावर हा त्यांचा उपाय.

"पोळते काय व?"

"नाही, आत्याबाई."

"मंग अजून तापवू?"

"तापवा."

कोकिळेनं तोंड फिरवलं. नागपूरला छाती कमी करायचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. त्याआधी छातीच्या ओझ्यानं तिची मान मोडून यायची, खांद्यांवर करकोचे पडायचे, निंदायला वाकलं की दम लागायचा. सोनाळ्यासारख्या खेड्यात असं ऑपरेशन कुणी ऐकलंही नव्हतं. चुलतसासरे अडून बसले, तेव्हा मनकर्णाबाई एकट्या सगळ्यांना पुरून उरल्या आणि सुनेला घेऊन शेगावहून गाडीत बसल्या.

ओझं खरंच गेलं. पण डावीकडची जाणीवही गेली. तिथे हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लावल्यासारखं वाटे. उजवीकडे मात्र नुसता पदर घासला तरी मुंग्या येत. उद्या पोर झालं, अंगावर प्यायला लागलं, तर आपल्याला कळेल तरी का, हा विचार तिला सोडत नसे. पण जिनं आपल्यासाठी घरादाराशी भांडण घेतलं, तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? कुणी विचारलं की ती "बरं हाय" म्हणून मोकळी व्हायची.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला चोळी निघेना. मनकर्णाबाईंनी पाणी लावून कापड सोडवलं. खाली रुपयाएवढा फोड फुटला होता.

"हे कायचं?"

"कालच्या शेकाचं असन."

"अन् तू अजून तापवा म्हनली?"

कोकिळेनं ओली चोळी पिळली.

"मले तिथं काहीच समजत नाही, आत्याबाई. नागपूरहून आल्यापासून."

तिला वाटलं, आता सासू कपाळावर हात मारून घेणार. पण मनकर्णाबाईंनी फोडावर खोबरेल लावलं आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळानं चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. स्वयंपाकाला तर अजून अवकाश होता.

दुपारी भाकऱ्या थापताना त्यांचा पदर सरकला. चोळीच्या गळ्याशी, डाव्या बाजूला, लालभडक चट्टा उठला होता. पीठ मळणारा कोकिळेचा हात थांबला.

"हे काय केलं तुमी?"

मनकर्णाबाईंनी पदर ओढून घेतला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"पान कालच्याएवढंच तापवलं होतं," त्या म्हणाल्या. "लय पोळते व."