जिराफाचा हात

उद्यानातल्या सुरवंट-गाडीच्या चढावावर साखळीचे बावीस खटके वाजत. पहिल्या खटक्याला पोरं किंचाळायला लागत, दहाव्याला त्यांचा आवाज बसे आणि बाविसाव्याला पोटात गोळा येई. मग गाडी साखळी सोडायची आणि उतारावरून जी सुटायची ती वळणं घेत थेट फलाटावर येऊनच थांबायची. मध्ये तिला अडवणारं काही नव्हतं. अडवायचं तर बावीसच्या आत, हे मेकॅनिकच्या लेकीला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं होतं. बाबा सुरवंटाचे मेकॅनिक, आणि शाळा सुटल्यावर तिला सांभाळायला घरी कुणी नाही. तेव्हा तिचं बालपण त्या दहा डब्यांच्या, हिरव्या, एक मिशी तुटलेल्या सुरवंटाच्या पोटाखालीच गेलं. आता ती त्याचीच ऑपरेटर होती. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, हिरवं बटण दाबायचं, खटके मोजायचे. लाल बटण सात वर्षांत रोज सकाळी तपासणीपुरतं दाबलं होतं, तेवढंच.

आज सुरवंटाचा शेवटचा दिवस होता.

उद्यानाच्या फाटकावर भला मोठा फलक लागला होता: ‘सुरवंट जातोय, फुलपाखरू येतंय!’ फुलपाखरू म्हणजे माणसांना हवेत उलटं टांगणारं नवं यंत्र. बाबांनी फलक वाचला तेव्हा म्हणाले होते, “सुरवंटाचं फुलपाखरू आपलं आपण होतं म्हणे. क्रेन लावून केलेलं मी तरी पाहिलं नाही बुवा.”

खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: ‘तुमच्या बालपणाची शेवटची फेरी!’ ती ओळ नव्या मॅनेजरसाहेबांची. आणि त्या ओळीनं अख्खं गाव लोटलं होतं. पोरं नव्हेत. पोरांना सुरवंटात काय राम वाटणार? आले होते ते चाळिशीचे, पन्नाशीचे, सुटलेल्या पोटांचे, चष्म्यांचे; लहानपणी इथे एकदा बसलेले आणि आता पुन्हा एकदा बसायला हपापलेले.

तिला सकाळपासून धाकधूक होती, पण ती वेगळ्याच गोष्टीची.

बाबांना सगळे कानकाका म्हणत. लांब पेचकसाचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे. आणि कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, कुठला बोल्ट ढिला झालाय, ते सांगून मोकळे. एक्केचाळीस वर्षांत सुरवंटावर कुणाच्या गुडघ्याला खरचटलं नव्हतं. आणि महिन्यापूर्वी एका दुपारी तिच्या लेकीनं, चार वर्षांच्या पिटुकलीनं, बाबांच्या मागे उभं राहून तीनदा “आजोबा!” म्हणून हाक मारली, आणि बाबा आपले वर्तमानपत्र उलटत बसले. पिटुकली रुसली. तिच्या आईला मात्र कळायचं ते कळलं.

“शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला बोलू नकोस गं,” बाबा म्हणाले होते. “मग काय, बहिरा म्हणा नाहीतर ठार बहिरा म्हणा. पण कानकाका म्हणून जाऊ दे मला.”

तिनं शब्द दिला होता. तेव्हापासून दोघांची एक चोरटी खूण ठरली. सकाळी बाबा ऐटीत पेचकस कानाला लावत, ती शेजारी उभी राहून खरं ऐके. सगळं ठीक असलं की टोपीची कड खाली ओढायची. बिघाड वाटला तर टोपी काढायची. एवढ्या दिवसांत टोपी काढायची वेळ आली नव्हती. आज सकाळीही तिनं कडच ओढली होती. पण सकाळी गाडी रिकामी होती.

“ताई, वीस माणसं बसवा. वीसच सीट आहेत ना? मग वीस!” मॅनेजर केबिनच्या दारातून ओरडले. त्यांना ओरडावं लागत होतं, कारण फलाटाशेजारी बँड बसवला होता आणि ढोल तिच्या थेट कानाशी.

“साहेब, ही मोठी माणसं आहेत. गाडी पोरांसाठीची.”

“दिसतंय मला. त्यांचीच तर फेरी आहे! कानकाकांना विचारलं मी. ते काही बोलले नाहीत.”

बाबा बोलणार तरी काय? चढावाच्या पायथ्याशी, छातीवर मोठा थोरला बिल्ला लावून ते उभे होते आणि लोक त्यांचे हात हातात घेत होते. “काका, ओळखलंत? मी उलटी केली होती, तिसऱ्या डब्यात!” “काका, तुम्ही मला दोनदा परत पाठवलं होतं, उंच झालास म्हणून!” बाबा हसत होते, माना डोलावत होते. शेजारी पिटुकली त्यांचं बोट धरून आपल्या फेरीची वाट पाहत होती. सगळ्यात शेवटची फेरी तिची, असं आजोबांनी कबूल केलं होतं.

पहिली फेरी निघाली. एक, दोन, तीन. चौदा आणि पंधरा या खटक्यांच्या मध्ये तिला काहीतरी ऐकू आलं. टुक्. पाचव्या डब्याकडून, जाड, बसका आवाज. बंद दारावर कुणी आतून बोटाच्या पेरानं वाजवावं तसा. मग ढोल वाजला. बावीस. गाडी सुटली, वीस प्रौढ माणसं पोरांसारखी किंचाळली आणि सुखरूप फलाटाला लागली.

ढोलच असेल, तिनं मनाला समजावलं. मन काही समजलं नाही. लोक चढत-उतरत होते तेवढ्यात ती धावत बाबांपाशी गेली. भोवती माणसं, मॅनेजर दोन हातांवर. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

“बाबा, पाचव्या डब्यात वाजतंय,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि खदखदून हसले. “नाचतंय? नाचू दे की! आज नाही नाचायचं तर कधी?”

भोवतीचे लोकही हसले. ती टोपी काढणार तोच कुणीतरी बाबांना फोटोसाठी पलीकडे ओढून नेलं. “ताई, चला, लोक खोळंबलेत!” मॅनेजरनी तिला जवळजवळ ढकलतच केबिनकडे नेलं.

दुसरी फेरी भरली. ही आणखी भारी होती. पाचव्या डब्यात दोन धिप्पाड भाऊ बसले होते. आडवा दांडा त्यांच्या पोटांवर कसाबसा अडकला. तिनं काचेतून बाबांकडे पाहिलं. टोपी काढली, हलवली. बाबांनी पाहिलं. त्यांना तो जल्लोष वाटला; मजेत दोन्ही हात वर करून त्यांनीही हलवले.

मॅनेजरनी अंगठा दाखवला. तिनं हिरवं बटण दाबलं.

दाबल्याक्षणी वाटलं, नको होतं दाबायला.

एक. दोन. तिनं काचेची खिडकी सरकवली आणि डोकं बाहेर काढलं. पाच. सहा. बँड धडधडत होता. नऊ. इथून लाल बटण दाबलं तर काय होईल, ते सगळं तिला एकदम दिसलं. गाडी चढावावर लटकेल. लोक विचारतील, का? बाबा येतील, पेचकस लावतील, आणि सगळ्यांदेखत तिच्या तोंडाकडे बघतील. काहीच सापडलं नाही तर शेवटच्या दिवशी पोरीनं बापाचं हसं केलं म्हणतील. आणि सापडलं तर त्याहून वाईट: ते बापाला ऐकू आलं नाही, हे जगजाहीर होईल. बारा. शब्द दिला होता तिनं. चौदा.

टुक्.

पंधरा. टुक्. आता दर खटक्यामागे. सोळा, टुक्. ढोल थांबला तरी टुक्. सतरा. पहिला डबा माथ्याशी पोचत होता, त्यातली बाई दोन्ही हात वर करून ओरडत होती. अठरा. बाबा खाली हसत उभे होते. पिटुकली टाळ्या वाजवत होती.

एकोणीस.

तिनं तळहातानं लाल बटण असं दाबलं की मनगट दुखलं.

साखळी थांबली. गाडी एक बोटभर मागे घसरली, अडसरावर अडकली आणि थरथरत उभी राहिली. बँड दोन-चार ठोक्यांनी विस्कटत बंद पडला. वरून कुणीतरी म्हणालं, “हे काय? संपलं बालपण?” थोडं हसू, मग नाराजी, मग एका पुरुषाचा चिडका आवाज: “अहो, उतरवा आम्हाला!”

“काय केलंत ताई!” मॅनेजरांचा चेहरा घामानं डबडबला होता. “कॅमेरे आहेत इथं!”

ती त्यांना बाजूला सारून बाबांकडे गेली. बाबा गोंधळून कधी गाडीकडे, कधी तिच्याकडे पाहत होते. तिनं त्यांचे दोन्ही खांदे धरले, स्वतःकडे वळवले आणि सगळ्या गर्दीच्या साक्षीनं, एकेक अक्षर सुटं करून, ओरडली:

“बाबा, नाचत नाही. वा-ज-तं-य. पाचवा डबा.”

बाबांचं हसू ओघळलं. कुणाला कळलं, कुणाला नाही. पण बापाशी असं ओरडून का बोलावं लागतं, ते पुढच्या चार-पाच जणांना तरी नक्की कळलं. त्यांनी नजरा वळवल्या. बाबांनी बिल्ला काढून खिशात टाकला आणि चढावाच्या कडेचा लोखंडी जिना चढायला लागले.

आधी माणसं उतरवली. एकेक करून, हात धरून, मागच्या डब्यापासून. ते धिप्पाड भाऊ उतरताना डबा किंचित तिरका झाला आणि पुन्हा तो आवाज आला. आता तर मॅनेजरनीही ऐकला. मग बाबा पालथे पडले आणि डब्याखाली हात घातला. कानाचं काम आता त्यांची बोटं करत होती. बोटं सरकत सरकत एका जागी थांबली.

“टॉर्च.”

चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी कोनाला जोडाच्या जागी तडा गेला होता. दोन बोटं लांब, केसासारखा बारीक, आणि आतलं लोखंड ताजं, चकचकीत. आजचा.

“उतारावर गेली असती, तर...” मॅनेजर म्हणाले.

बाबा उठून बसले. हात ग्रीसनं काळे. “साहेब, मला महिनाभर नीट ऐकू येत नाही,” ते म्हणाले, आणि बहिऱ्या माणसासारखे जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. “हे माझ्या पोरीनं ऐकलं. सुरवंट बंद. आज आणि कायमचा. आता क्रेन आणा, नाहीतर काय हवं ते आणा.”

ती जिन्याच्या पायथ्याशी मान खाली घालून उभी होती. शब्द मोडला होता. बाबा जिन्यावरून उतरताना तिच्याजवळ थांबतील असं वाटलं. ते थांबले नाहीत.

खाली गर्दी पांगत नव्हती. तिकडे कुंपणाशी पिटुकलीचा आवाज आला: “आई! जिराफ! आपला जिराफ!”

प्लायवूडचा उंच जिराफ कुंपणाला टेकून ठेवला होता. सुरवंटाच्या दारात तो एक्केचाळीस वर्षं उभा होता, एक हात आडवा पसरून. जिराफाला हात नसतात, हे त्या काळच्या रंगाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. हाताखाली लिहिलेलं: ‘माझ्या हाताला ज्याचं डोकं लागलं, तो मोठा झाला. मोठ्यांनी बाहेर थांबावं.’ गेल्या आठवड्यात मॅनेजरनी जुन्या वस्तू आठवण म्हणून विकायला काढल्या, त्यात तोही गेला. ज्यांनी घेतला ते दातांचे डॉक्टर, टक्कल पडलेले, फोटोसाठी त्याला आज परत घेऊन आले होते.

“दवाखान्यात ठेवणार होतो,” डॉक्टर ओशाळून म्हणाले. “मुलांना हसायला.”

बाबा जिराफासमोर उभे राहिले. मग मॅनेजर काही बोलायच्या आत म्हणाले, “तुम्ही विकलात, आणि मी नुसता बघत राहिलो. एवढ्या पोरांना मी या हाताखालून परत पाठवलं. रडली, पाय आपटले, तरी पाठवलं. आणि आज हीच पोरं आली, काका म्हणाली, तर मी एकालाही म्हणालो नाही की बाबा रे, तू मोठा झालास.”

त्यांनी जिराफ उचलला, बाहेरच्या वाटेवर नेऊन त्याच्या जुन्या पद्धतीनं दगड लावून उभा केला. डॉक्टर सगळ्यात आधी वाकून हाताखालून गेले. ठक्. हात टकलावर बसला. “आई गं! झालो म्हणायचं मोठा,” ते टाळू चोळत म्हणाले. मागून कुणीतरी हसलं. ते धिप्पाड भाऊ आले. त्यांच्या तर छातीला लागला. मग रांगच लागली. माणसं येत, वाकून जिराफाच्या हाताला डोकं लावत आणि फाटकाकडे चालू लागत. एक बाई डोकं लावून तशीच थांबली, मागच्यांनी घाई केली नाही.

शेवटी पिटुकली हाताखाली उभी राहिली. ताठ, टाचा वर करून, मग घाईघाईनं टाचा खाली. वर अजून वीतभर जागा होती.

“मी लहान आहे,” ती गंभीरपणे म्हणाली. “मग माझी फेरी?”

पिटुकलीचे ओठ आधीच थरथरायला लागले होते.

बाबा खाली बसले. नातीला मांडीवर ओढलं, पेचकसाचं टोक वाटेलगतच्या सुरवंटाच्या रुळावर टेकवलं आणि मूठ तिच्या इवल्याशा कानाला लावली. “ऐक बरं. काय म्हणतोय?”

पिटुकलीनं डोळे मिटले. अगदी आजोबांसारखे.

“झोपलाय,” ती कुजबुजली.

बाबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी मान वर केली आणि लेकीकडे पाहिलं. रोज सकाळी पाहत तसं, विचारत.

ती टोपी हातात चुरगाळून उभी होती. तिनं ती झटकली, डोक्यावर घातली आणि कड खाली ओढली.