टाचेतला खिळा

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, जोडीतला उजवा. डावा माझा भाऊ, पण तो घुम्या, म्हणून बोलायचे काम माझ्याकडे.

माझे धनी म्हणजे एक फादर. ते गावोगाव पायी जाऊन प्रवचने देत आणि पुस्तके लिहीत. वाक्ये त्यांना सुचत ती चालतानाच. शब्द अडला की ते माझी टाच दोनदा आपटत. शब्द सापडला की धोंड्यावर बसून खिशातले पेन काढत. म्हणजे राबायचे मी आणि मिरवायचे पेनाने! आम्ही चिखलात, ते वीतभर पेन छातीशी. लोक म्हणत, "फादर, काय लेखणी आहे तुमची!" आमची दखल घेई ती फक्त दारातल्या पायपुसण्याने. माझा नुसता जळफळाट होई.

काही बिघडले की मी करकरत असे आणि फादर मला लगेच मोचीकाकांकडे नेत. एका सकाळी माझ्या टाचेतला खिळा वर आला. नेमके त्याच सकाळी पेनाला सोनेरी टोपण मिळाले होते. मी मुद्दाम गप्प बसलो. म्हटले, खिळा टोचून फादर घरी बसले, की माझ्यावाचून हे पेन किती लिहिते ते बघूच.

फादरांना साखरेचा आजार, त्यामुळे पायाला टोचलेले कळतच नसे. ते तीन वस्त्या चालले. जखम चिघळली आणि डॉक्टरांनी चालणे कायमचे बंद केले.

मी जिन्याखाली गेलो. महिनाभर पेनातून एक ओळ उमटली नाही. खरे सांगतो, मला गुदगुल्या झाल्या.

मग फादरांनी बहिणीला हाक मारली. "छोटे, माझा उजवा बूट आण गं."

"पायाला एवढी पट्टी, आणि बूट कसला घालतोस, दादा?"

"घालत नाही. हातात दे."

त्यांनी माझी टाच टेबलावर दोनदा आपटली.

"अरे, जेवायच्या टेबलावर बूट!" बहीण ओरडली. पण पेन चालू लागले होते.

ते त्यांचे शेवटचे पुस्तक. छापून आल्यावर बहिणीने पहिले पान मोठ्याने वाचले, "माझ्या बुटांना. त्यांनी मला कधी दगा दिला नाही."

फादर आता नाहीत. पेन आणि मी एकाच कपाटात असतो. मला अजून त्याचा हेवा वाटतो. ती ओळ लिहून पेन मोकळे झाले, मी नाही झालो.

मित्रांनो, तुमचा बूट करकरला तर त्याच्यावर चिडू नका. गप्प बसला, तर मात्र एकदा आत हात घालून बघा.